कुदळीआधी डोळे

‘पर्माकल्चर’ हा शब्द ऑस्ट्रेलियातला. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांचे या विषयावरचे पहिले पुस्तक १९७८ साली आले. शब्द अवघड, पण पहिला धडा सोपा आहे. कुदळ उचलण्याआधी बघा. ऊन कुठून येते, पावसाचे पाणी कुठे धावते, कुठे थबकते. हे कळायला निदान एक पावसाळा जाऊ द्यावा.

दुसरा धडा म्हणजे माती उघडी ठेवायची नाही. आपल्याकडे पानगळ झाली की पाला झाडून पेटवतात. झाडाची वर्षभराची कमाई एका काडीत खलास! तोच पाला आळ्यात चार बोटे जाड पसरा. ओलावा टिकतो, पाणी कमी लागते, खाली गांडुळे आपले काम करतात. फक्त खोडाला पाला भिडू देऊ नका, बुंधा कुजतो.

पाणी दोनदा वापरणे मात्र आमच्या दादीला पुस्तकाविना येत होते. मोरीचे पाणी अळवाला, वजूचे केळीला. (हल्ली मोरीत डिटर्जंट असते, ते पाणी नको.) वजूच्या पाण्यात साबण नसतो. पाच वेळचे, सहा माणसांचे पाणी. उन्हाळ्यात नळ दिवसाआड आला तरी केळ हिरवीगार. केळफूल दादीने कधी विकत आणले नाही.