खेळणाऱ्या हातांनी खेळ घडवावेत
(विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमातील भाषण)



आज घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, की मुले दिवसभर मोबाईलवर गेम खेळतात. तक्रार खरी आहे. परंतु आम्हाला आज निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. हे गेम बनवतो कोण? त्यासाठी मोठी कंपनी, शेकडो माणसे आणि प्रचंड भांडवल लागते, अशी बहुतेकांची समजूत आहे. मोठ्या गेमसाठी ते लागतेही. पण एकेकट्या माणसांनी घरी बसून केलेले गेमही जगभर गाजले आहेत.

जपानच्या दाइसुके अमाया यांनी फावल्या वेळात पाच वर्षे खपून 'केव्ह स्टोरी' हा गेम तयार केला आणि २००४ साली तो लोकांना विनामूल्य दिला. अमेरिकेतील एरिक बॅरोन यांना २०११ साली पदवी मिळाली, पण नोकरी मिळेना. चित्रे, संगीत, कथा, प्रोग्राम असे सर्व काम एकट्याने करून सुमारे साडेचार वर्षांनी, २०१६ साली, त्यांनी 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीवरील गेम प्रसिद्ध केला. त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. मात्र त्या काळात ते नाट्यगृहात अर्धवेळ काम करीत होते आणि घरखर्चाला जोडीदाराचा हातभार होता, हेही ध्यानात ठेवावे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी असा आधार असतोच असे नाही. म्हणून आमचे सांगणे आहे, की शिक्षण सोडू नका, हातची नोकरी सोडू नका. रोजचा एक तास द्या.

सुरुवात लहान असावी. १९७२ साली गाजलेला 'पाँग' हा अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न यांना सरावाचे काम म्हणून दिला गेला होता. दोन फळ्या आणि एक चेंडू, एवढाच तो खेळ. तुमचाही पहिला धडा तोच असू द्या. साधनांना पैसे पडत नाहीत. लहान मुलांसाठी 'स्क्रॅच' आहे. मोठ्यांसाठी २०१४ पासून सर्वांना खुले असलेले 'गोडो' आहे. दोन्ही विनामूल्य आहेत.

आता यात शाळेचा अभ्यास कोठे येतो ते पाहू. गेम म्हणजे एक फिरते चक्र आहे. खेळाडूने कोणते बटण दाबले ते पाहणे, त्याप्रमाणे वस्तूंच्या जागा बदलणे आणि नवे चित्र काढणे. हे सामान्यतः सेकंदाला ६० वेळा घडते. समजा, प्रत्येक चित्रामागे चेंडू ५ बिंदू सरकवला, तर सेकंदात तो ३०० बिंदू जाईल. पण शेजारच्या जुन्या संगणकावर सेकंदाला ३० चित्रेच निघाली, तर चेंडू १५० बिंदूच जाईल. म्हणजे खेळ निम्म्या वेगाने चालेल. उपाय काय? मागच्या चित्रापासून किती वेळ गेला ते मोजावे आणि वेगाला त्या वेळेने गुणून तेवढे अंतर चेंडू सरकवावा. अंतर बरोबर वेग गुणिले वेळ! परीक्षेपुरते पाठ केलेले सूत्र येथे डोळ्यांसमोर धावू लागते.

दुसरी गोष्ट, घेतलेले काम पुरे करा. अर्धवट राहिलेल्या दहा मोठ्या गेमपेक्षा पुरा झालेला एक छोटा गेम अधिक शिकवतो. तो मित्राच्या हाती द्या आणि काही न सांगता बघत बसा. तो जेथे अडेल तेथे दुरुस्ती करा. दुसऱ्याची चित्रे व संगीत परवानगीशिवाय वापरू नका. विषय आपलेच घ्या. सागरगोटे, विटीदांडू, आठवड्याचा बाजार यांतही खेळ आहे.

पालकांना विनंती, की मुलगा असो वा मुलगी, संगणकापुढे बसलेले मूल खेळते आहे की घडवते आहे, हे आधी जवळ जाऊन पाहा. संस्थांनाही विनंती, की जेथे एखादा संगणक असेल तेथे तो रविवारी दोन तास मुलांसाठी खुला ठेवावा. दुसऱ्याने केलेल्या वस्तूचे केवळ गिऱ्हाईक होणे सोपे आहे. पण स्वतः वस्तू घडवणाऱ्याच्या अंगी जो आत्मविश्वास येतो, तो आम्हाला आमच्या मुलांत पाहावयाचा आहे.