पदवीदान समारंभातील दोन वक्ते



पदवीदान समारंभात प्राध्यापक वक्त्याचा परिचय विस्ताराने करून दिला जातो. स्नातक वक्त्याच्या वाट्याला मात्र नाव आणि श्रेणी एवढेच येते. हा भेद उचित नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ मध्ये तेथून पहिले चार बी. ए. बाहेर पडले : रानडे, भांडारकर, वागळे व मोडक. त्यांपैकी रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुढे संस्कृतचे प्राध्यापक आणि त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. व्यासपीठासमोरचा स्नातक उद्या व्यासपीठावर असतो, तो असा.

म्हणून प्राध्यापकाचा परिचय केवळ पदांवरून नव्हे, तर अध्यापनकार्यावरून व्हावा. आणि स्नातकाचा केवळ गुणांवरून नव्हे, तर वाटचालीवरून. परंदवडीसारख्या गावातील कन्या पुण्याच्या विद्यापीठात बोलावयास उभी राहील, तेव्हा तिचे गाव आणि तिची प्राथमिक शाळा यांचा उल्लेख आवर्जून झाला पाहिजे. तो ऐकून गावातील दुसऱ्या मुलीचे शिक्षण अर्ध्यावर थांबविताना पालक पुन्हा विचार करतील.

मात्र परिचय आटोपशीर असावा. सभेचा वेळ वक्त्यांचा असतो, परिचय करून देणाऱ्याचा नव्हे.