कायद्याचा विद्यार्थी : व्यासपीठ, वृत्तपत्र आणि परिचय

(भंडारा येथे विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



वकिली हा शब्दाचा व्यवसाय आहे. डॉक्टरच्या हाती औषध असते, अभियंत्याच्या हाती यंत्र असते. वकिलाच्या हाती केवळ शब्द असतो. तो शब्द वापरण्याचा अधिकार सनद मिळाल्यावर प्राप्त होतो; परंतु तो शब्द घडतो मात्र विद्यार्थिदशेत. म्हणूनच परिसंवाद, अभिरूप न्यायालये, वृत्तपत्रे आणि व्यवसायातील ज्येष्ठांचा परिचय या गोष्टींकडे अभ्यासक्रमाबाहेरची हौस म्हणून पाहता येत नाही. त्या शिक्षणाचाच भाग आहेत. प्रश्न एवढाच आहे की, हा सारा खटाटोप कोणासाठी करावयाचा? स्वतःचे नाव चारचौघांत व्हावे म्हणून, की ज्याच्यासाठी कायदा निर्माण झाला त्या माणसापर्यंत पोहोचता यावे म्हणून?

भंडाऱ्याशी जोडलेले एक उदाहरण

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. 1954 साली ज्या भंडारा मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, त्या भंडाऱ्याच्या जनतेला त्यांचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. त्या निवडणुकीत त्यांना यश आले नाही. परंतु त्यांच्या आयुष्यातील जो काळ विधी शाखेच्या विद्यार्थ्याने विशेषत्वाने अभ्यासावा, तो याच्या कितीतरी आधीचा आहे.

1916 साली त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. हा मधला काळ त्यांनी कसा घालविला? 1919 च्या प्रारंभी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झाले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांचे अर्थसाहाय्य लाभले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत दोघे एका व्यासपीठावर आले. त्यानंतर ते अपुरा अभ्यास पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले.

व्यासपीठ, वृत्तपत्र आणि परिचय या तिन्ही गोष्टी येथे एकत्र दिसतात, आणि त्याही सनद हाती येण्यापूर्वी! परंतु समितीपुढील साक्ष ज्यांना मत नव्हते त्यांच्यासाठी होती, पाक्षिक ज्यांना वाचा नव्हती त्यांच्यासाठी होते आणि परिचयाचा उपयोग त्या पाक्षिकासाठी झाला. शिवाय या कार्याच्या नावाखाली अभ्यास सोडून दिला गेला नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

अभिरूप न्यायालय आणि खरे न्यायालय

आज विधी शिक्षणाच्या नियमांनीच ही दारे उघडून दिली आहेत. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या नियमांनुसार अभिरूप न्यायालय, म्हणजे ज्याला सर्वजण मूट कोर्ट म्हणतात, तो अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, म्हणजेच इंटर्नशिप, आवश्यक मानली आहे. प्रत्यक्ष खटल्यांचे निरीक्षण करून त्याची नोंदवही ठेवावयाची आहे.

स्पर्धेच्या व्यासपीठावर प्रकरणातील वस्तुस्थिती छापील कागदावर तयार मिळते. तेथे वाद केवळ कायद्याचा असतो. तालुक्याच्या न्यायालयात मात्र वस्तुस्थितीच शोधून काढावी लागते. साक्षीदार झाडीबोलीत बोलतो, सन सांगण्याऐवजी ‘धान कापणीच्या वेळी’ असे सांगतो, जमिनीचा गट क्रमांक सांगण्याऐवजी ‘तलावाखालची बांधी’ म्हणतो. त्या बोलण्यातून कायद्याला हवा असलेला मुद्दा वेगळा काढणे ही विद्या कोणत्याही करंडकापेक्षा मोलाची आहे. भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याला ती भाषा घरातच मिळालेली असते. तिची लाज बाळगण्याचे कारण नाही; तेच त्याचे भांडवल होय.

मोठ्या शहरातील विद्यार्थ्याला मिळणारी संधी लहान जिल्ह्यातील विद्यार्थ्याला मिळत नाही, ही तक्रार खोटी नाही. परंतु एका विद्यार्थ्यानेच हे अंतर काही अंशी कमी केले आहे. सर्वोच्च न्यायालयात सोमवारी व शुक्रवारी इंटर्न विद्यार्थ्यांना न्यायदालनात प्रवेश मिळत नसे. जोधपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे विद्यार्थी स्वप्निल त्रिपाठी यांनी याबाबत याचिका केली. तिच्यासह अन्य याचिकांवर 26 सप्टेंबर 2018 रोजी निर्णय होऊन न्यायालयीन कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य झाले. 27 सप्टेंबर 2022 पासून घटनापीठांपुढील सुनावण्यांचे प्रक्षेपण होऊ लागले. विद्यार्थ्याची साधी अडचण नीट शब्दांत मांडली गेली आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार लाखांदूरच्या विद्यार्थ्यासाठीही किलकिले झाले.

लेखणीचे सामर्थ्य आणि तिची जबाबदारी

वृत्तपत्राचा आणि कायद्याचा संबंध किती खोल असू शकतो, याचे उदाहरण लाखांदूरपासून फार दूर नसलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मार्च 1972 मध्ये घडलेल्या घटनेने दिले. एका गरीब आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारात अत्याचार झाल्याची ती तक्रार होती. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. प्रकरण तेथेच संपले असते. परंतु 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. शांत, मुद्देसूद आणि कायद्याच्या भाषेतील ते पत्र वृत्तपत्रांतून देशभर गेले. मोर्चे निघाले, चर्चा झडल्या आणि 1983 मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र व अधिक गंभीर गुन्हा ठरला.

हा झाला लेखणीचा विजय. पण त्याला एक दुसरी बाजू आहे. त्या मुलीचे नाव देशातील प्रत्येक वर्तमानपत्रात छापून आले. कायद्याच्या वर्गांतून ते प्रकरण आजही तिच्याच नावाने शिकविले जाते. येथे ते नाव उच्चारण्याचे प्रयोजन नाही. तिला न्याय मिळाला नाही. तिच्यानंतर येणाऱ्यांना मात्र काही संरक्षण मिळाले. 1983 च्या त्याच दुरुस्तीने पीडितेची ओळख प्रकट करण्यास मनाई केली. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्येही ती मनाई कायम आहे.

ज्याच्या खिशात आज दूरध्वनीबरोबरच छपाईयंत्रही आहे, अशा विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. न्यायालयात जे पाहिले ते लिहावे. परंतु पक्षकाराचे गुपित, पीडितेची ओळख आणि वकिलाच्या कार्यालयातील कागद यांना हात लावू नये. प्रलंबित प्रकरणात निकाल आधीच जाहीर करू नये. एका वेळच्या प्रसिद्धीसाठी दुसऱ्याचे आयुष्य खर्ची घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परिचय कोणाचा करावा?

व्यवसायात ओळखीला महत्त्व आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याच्या घराण्यात कोणी वकील नाही, त्या शेतकऱ्याच्या वा विडी कामगाराच्या मुलाला ज्येष्ठांचा आधार मिळालाच पाहिजे. परिषदांना जावे, प्रश्न विचारावेत, ज्येष्ठ वकिलांकडे अनुभवासाठी अर्ज करावा. मात्र वकिलाने काम मागत फिरू नये वा जाहिरात करू नये, असे विधिज्ञ परिषदेचे नियम सांगतात. ती शिस्त विद्यार्थिदशेतच अंगी बाणावी. आपली ओळख पत्रिका वाटून होत नाही. वेळेवर, बिनचूक केलेल्या कामातून होते.

आणि ओळख केवळ वरच्यांशीच असावी काय? न्यायालयाचा लिपिक, पटवारी, ग्रामसेवक, मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव, गोसीखुर्द प्रकल्पात गाव गेलेला वृद्ध शेतकरी, यांचा परिचय ज्याला आहे त्यालाच हा जिल्हा खऱ्या अर्थाने ठाऊक आहे. समजा, पवनी तालुक्यातील असा एखादा शेतकरी मोबदल्याची नोटीस घेऊन पेशीसाठी आला आहे. नोटिशीतील मुदत त्याला उमगलेली नाही. ती मुदत त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणे आणि त्याला विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत नेऊन पोहोचविणे, एवढे काम विद्यार्थी आजही करू शकतो. मुदत टळली तर पुढे कितीही मोठा वकील उभा राहिला तरी त्याचा मार्ग बिकटच होतो.

यासाठी कायद्याने वाट करून ठेवली आहे. 1976 च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 39-अ अन्वये मोफत विधी साहाय्याचे तत्त्व संविधानात आले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 हा 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. म्हणून तो दिवस विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो. महिला, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. सनद मिळेपर्यंत कायद्याचा विद्यार्थी या योजनेत विधी स्वयंसेवक म्हणून काम करू शकतो. महाविद्यालयांतील विधी साहाय्य केंद्रे, गावातील शिबिरे आणि लोकअदालती ही त्याची खरी कार्यक्षेत्रे आहेत.

मित्रांनो, इंटर्नशिपच्या नोंदवहीत तारीख, न्यायालय आणि प्रकरणाचा प्रकार लिहिला जातो. त्याखाली प्रत्येकाने स्वतःसाठी आणखी एक ओळ लिहावी : आज कोणाला कायद्यातील कोणती गोष्ट समजावून सांगितली? सनद हाती येईल त्या दिवशी प्रमाणपत्रांची फाईल किती जाड झाली, याला फारसे महत्त्व राहणार नाही. परंतु नोंदवहीतील त्या ओळी भरलेल्या असतील, तर वैनगंगेच्या काठच्या कोणत्याही गावात त्या तरुण वकिलाला स्वतःची ओळख करून देण्याची गरज पडणार नाही.