टाकी केव्हा भरावी?

(एका तालुक्याच्या पंचायत समितीत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासाठी झालेल्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



आजच्या वर्गात आपण योजना, अंदाजपत्रक आणि दप्तर यांविषयी पुष्कळ ऐकले. मला जे सांगावयाचे आहे ते त्या मानाने अगदीच किरकोळ वाटेल. मोटारीच्या टाकीत इंधन केव्हा भरावे, हा माझा विषय. काटा खाली आला की भरावे, त्यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. एके काळी माझेही मत तेच होते. ते कसे बदलले हे सांगूनच प्रारंभ करतो.

एका रात्रीचा धडा

२००९ सालच्या पावसाळ्यातील ही गोष्ट आहे. एका डोंगरी तालुक्यात गावोगाव आरोग्यविषयक चित्रपट दाखविण्याचे काम माझ्याकडे होते. दिमतीला डिझेलवर चालणारी जीप होती. संध्याकाळी तालुक्याच्या गावातून निघताना आमचे चालक, ज्यांना आम्ही सारे काका म्हणत असू, गाडी पंपाकडे वळवू लागले. काटा राखीव खुणेच्या किंचित वर होता. परंतु महिनाअखेर होती, मंजूर इंधन संपत आले होते आणि नवे मागणीपत्र दोन दिवसांनी निघावयाचे होते. जाऊन-येऊन अंतर चाळीस किलोमीटर. मी मनाशी हिशेब केला आणि म्हणालो, "पुरेल काका, परवा भरू."

हिशेब चुकीचा नव्हता. तेवढे अंतर तेवढ्या डिझेलवर खरोखरच कापून झाले असते.

चित्रपट संपत आला असताना गावचे शिक्षक धावत आले. पलीकडच्या वाडीवरील एक बाई बाळंतपणात अडली होती. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली ती २०१४ साली. त्या रात्री गावात वाहन होते ते आमचेच. तालुक्याकडे परतण्याच्या वाटेवरील ओढ्याला पूर आलेला, त्यामुळे घाट चढून दुसऱ्या बाजूच्या रुग्णालयाकडे जाणे भाग होते. ते अंतर साठ किलोमीटरांहून अधिक. घाटाच्या निम्म्या चढावर जीप थांबली. डिझेल संपून इंजिनाने हवा घेतली होती. पाऊस कोसळत होता आणि त्या दरीत दूरध्वनी लागत नव्हता. पन्नास मिनिटांनी भाजीचा एक टेम्पो आला. त्याच्या चालकाने अर्धा माल रस्त्याच्या कडेला उतरवून त्या माउलीला जागा करून दिली.

बाई आणि बाळ दोघेही सुखरूप राहिली. त्याचे श्रेय त्या टेम्पोवाल्याचे आणि रुग्णालयातील डॉक्टरांचे आहे. माझ्या नियोजनाचे मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनातील हवा काढता काढता काका एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही आपल्या कामापुरतं मोजलंत. गाडी गावात उभी राहिली की ती गावाची होते."

मित्रहो, मला आज जे सांगावयाचे आहे ते सारे या एका वाक्यात आले आहे. टाकी केव्हा भरावी हे ठरविताना आपल्या ठरलेल्या फेरीचे अंतर मोजून भागत नाही. पुढच्या खात्रीच्या पंपापर्यंत पोहोचण्याआधी या वाहनाला अचानक कोठवर जावे लागेल, ते अंतर मोजावयाचे असते.

काट्यावर किती विसंबावे?

इंधनाचा काटा हा अंदाज देणारा सेवक आहे. तो काटेकोर हिशेबनीस नव्हे. टाकीत दांडीला जोडलेला एक तरंगता गोळा असतो. इंधनाच्या पातळीबरोबर तो वरखाली होतो आणि त्यावरून काटा हलतो. चढावर अथवा उतारावर टाकीतील इंधन एका बाजूस जाते आणि काटा आहे त्यापेक्षा जास्त किंवा कमी दाखवितो. टाकीचा आकारही सगळीकडे सारखा नसतो. म्हणून पहिला अर्धा भाग सावकाश उतरलेला दिसतो आणि उरलेला पाहता पाहता संपतो, असा अनुभव अनेकांना येतो.

राखीव दिवा लागल्यानंतर किती किलोमीटर जाता येते, याचा पैजेने शोध घेणारे तरुण आपण पाहिले असतील. ही पैज महाग पडू शकते. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत इंधन ढकलणारा विजेचा पंप टाकीतच बसविलेला असतो आणि भोवतालच्या इंधनामुळे तो थंड राहतो. टाकी वारंवार तळाला नेली तर हा पंप तापतो व त्याचे आयुष्य कमी होते. डिझेल वाहन कोरडे पडले तर नुसते डिझेल ओतून भागत नाही, नळीतील हवा काढावी लागते. आणि ते काम रात्री, पावसात, घाटात करावे लागले म्हणजे त्याचे मोल कळते. राखीव इंधन पंपापर्यंत पोहोचण्यासाठी असते. प्रवासाच्या हिशेबात ते धरूच नये.

वर्गात देण्याजोगे एक गणित

येथे शिक्षक मंडळी आहेत, म्हणून एक साधे उदाहरण मांडतो. समजा, गाडीची टाकी ४० लिटरांची आहे आणि घाटरस्त्यावर ती लिटरला १२ किलोमीटर चालते. राखीव म्हणून ५ लिटर बाजूला ठेवले. गावापासून ग्रामीण रुग्णालय २५ किलोमीटर आणि तेथून जिल्हा रुग्णालय आणखी ५० किलोमीटर आहे. काटा पावावर असेल तर टाकीत १० लिटर आहेत. त्यांतील ५ वापरता येतील आणि गाडी ६० किलोमीटर जाईल. म्हणजे जिल्हा रुग्णालय १५ किलोमीटर दूर राहिले! काटा अर्ध्यावर असेल तर वापरण्याजोगे १५ लिटर, म्हणजे १८० किलोमीटर. जाणे आणि येणे मिळून १५० किलोमीटर होऊनही थोडे उरले.

अर्ध्या टाकीचा नियम असा गणितातून आलेला आहे. ज्या गावाजवळ रात्रंदिवस चालणारे दोन-तीन पंप आहेत तेथे पाव टाकी पुरेशी होईल. जेथे एकच पंप आणि तोही संध्याकाळी बंद होतो, तेथे अर्ध्याखाली जाऊ नये. आपल्या गावाची अंतरे घालून प्रत्येकाने हे गणित एकदा करून पाहावे.

काही रूढ समजुती

पहिली समजूत दराविषयी आहे. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे दर रोज ठरविण्याची पद्धत सुरू झाली. तेव्हापासून दर उतरण्याची वाट पाहणारेही वाढले. दर लिटरमागे ५० पैशांनी उतरला तर ३० लिटरांवर १५ रुपये वाचतात. पण स्वस्त पंपासाठी पाच किलोमीटर वाकडी वाट केली आणि तेवढेच परत आलो, तर लिटरला १५ किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे दोन-तृतीयांश लिटरच्या आसपास पेट्रोल जाते. लिटरचा दर १०० रुपये धरला तरी ६५ रुपयांहून अधिक गेले. राज्याराज्यांतील करांत फरक असल्यामुळे सीमेवरच्या गावांत पलीकडे जाऊन भरण्याची प्रथा आहे. कामाच्या वाटेवरच तो पंप असेल तर ते शहाणपणाचे. केवळ त्यासाठी फेरी मारणे मात्र बहुधा तोट्याचेच.

दुसरी समजूत अशी की, पहाटे थंडाव्यात भरल्यास इंधन जास्त मिळते. तापमान एका अंशाने वाढले की पेट्रोलचे आकारमान हजारात सुमारे एक भाग वाढते, हे खरे. म्हणजे ३० लिटरांत अंशामागे ३० मिलिलिटर. परंतु पंपावरील साठा जमिनीखालच्या टाकीत असतो आणि तेथील तापमान सकाळ-दुपारमध्ये फारसे बदलत नाही. त्यासाठी झोपमोड करण्याचे कारण नाही. मापाविषयी शंका असेल तर पंपावर ठेवलेल्या पाच लिटरांच्या प्रमाणित मापाने खात्री करून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तो हक्क बजावण्यात संकोच कसला?

तिसरी समजूत वजनाची. भरलेल्या टाकीचे ओझे वाहण्यात इंधन वाया जाते, असे म्हणतात. वीस लिटर पेट्रोलचे वजन सुमारे १५ किलो, म्हणजे पहिलीत नुकत्याच आलेल्या मुलाएवढेही नाही. त्याने पडणारा फरक नगण्य असतो. उलट, नळी आपोआप बंद झाल्यावरही "अजून थोडे टाका" असा आग्रह धरणे अयोग्य आहे. इंधनाच्या प्रसरणासाठी टाकीत जागा मोकळी राहिली पाहिजे.

चौथी अडचण समजुतीची नसून पैशांची आहे, आणि ती खरी आहे. एका वेळी पाचशे रुपयांचेच पेट्रोल घालू शकणारे पुष्कळ जण आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच की, पाचशे रुपयांचे इंधन तळातून वर भरले काय आणि अर्ध्यातून वर भरले काय, खर्च तोच. जास्तीची रक्कम एकदाच अडकते. शक्य होईल त्या महिन्यात ती घालावी, म्हणजे पुढे नेहमीचा खर्च नेहमीसारखाच राहतो.

सर्वांनी एकदम धावू नये

टाकीचा प्रश्न एकट्या मालकाचा नसतो, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि तो रस्ता अनेक दिवस बंद राहिला. माणसांबरोबर मालवाहतूकही अडकली. अशा वेळी टाकीत आधीपासून जे असते तेच आपले.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत दुसरा प्रकार घडला. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास शिक्षा वाढविणाऱ्या नव्या तरतुदीविरुद्ध वाहनचालकांनी आंदोलन केले. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधन आगारांतून टँकर निघेनासे झाले. वार्ता पसरताच गावोगावच्या पंपांवर रांगा लागल्या आणि काही पंप कोरडे पडले. २ जानेवारीच्या रात्रीच आंदोलन मागे घेण्याचे आवाहन झाले. दोन दिवसांच्या खंडाला पुरेल एवढे इंधन प्रत्येकाच्या टाकीत असते तर इतक्या जणांना रांगेत उभे राहावे लागले नसते. आणि ज्यांना खरोखर गरज होती त्यांना ते मिळाले असते. नित्याची अर्धी टाकी ही दूरदृष्टी आहे; अफवा ऐकून काठोकाठ भरण्यासाठी धावणे म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचे नेणे होय.

घरात बाटल्यांतून वा प्लास्टिकच्या डब्यांतून पेट्रोल साठविणे ही दूरदृष्टी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पेट्रोलची वाफ नजरेला न दिसता जमिनीलगत पसरते आणि चुलीची अथवा दिव्याची ठिणगी तिला पुरते. इंधनाची जागा वाहनाच्या टाकीतच.

पंचायतीला काय करता येईल?

सार्वजनिक उपयोगाच्या वाहनांबाबत तीन गोष्टी सुचवितो. एक, वाहन निघताना भरण्याऐवजी परत आल्यावर भरावे. सकाळी निघताना घाई असते, आणि रात्री बोलावणे आले तर भरावयास वेळ नसतो. दोन, महिनाअखेरीचे कारण कोणत्याही टाकीपुढे आणू नये. काटा अर्ध्यावर येताच मागणीपत्र निघाले पाहिजे. तो राखीव खुणेवर आल्यावर नव्हे. नोंदवहीत किलोमीटर आणि लिटर लिहितोच, त्याच ओळीत परतल्यानंतरची काट्याची स्थितीही लिहावी. तीन, गावातील खाजगी वाहनधारकांची यादी, त्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि जवळच्या पंपांच्या वेळा पंचायतीच्या फलकावर असाव्यात. मुसळधार पावसाचा इशारा मिळाला की यादीतील प्रत्येकाला एकदा विचारावे : टाकीत किती आहे?

या तिन्ही गोष्टींना वेगळे अनुदान लागत नाही, नवा ठराव लागत नाही. लागते ती फक्त सवय.

त्या रात्रीनंतर मी अनेक गावांत गेलो, अनेक वाहनांतून फिरलो. गाडीत बसलो की आजही प्रथम काट्याकडे पाहतो आणि मनाशी विचारतो, येथून रुग्णालय किती दूर? उत्तर काट्यात बसत नसेल तर गाडी आधी पंपाकडे वळते, मग कार्यक्रमाला उशीर झाला तरी चालेल. उशिरा आलेल्या अधिकाऱ्याला लोक क्षमा करतात. घाटात थांबलेल्या त्या पन्नास मिनिटांची क्षमा मागावयास मात्र मला अजून कोणी सापडलेले नाही.