माशांच्या टाकीचा राखणदार



विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला जोडलेला ‘ऑटो’ तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचा आहे. रात्री दोन वाजता वीज येते, तुम्ही घरी झोपलेले असता, आणि तिकडे मळ्यात मोटार आपली आपण सुरू होते. सोय मोठीच. परंतु विहिरीने तळ गाठला असेल, तर तीच मोटार कोरडी फिरत राहते आणि सकाळी वायंडिंग जळालेले सापडते. म्हणून जाणता शेतकरी ‘ऑटो’ घेताना विचारतो, “पाणी नसेल तेव्हा हे काय करणार?”

आज मला हाच प्रश्न दुसऱ्या एका ‘ऑटो’ला विचारायचा आहे. तो म्हणजे माशांच्या काचेच्या टाकीवर बसवायचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. मुंबईत १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी शाळेच्या सहलीत पाहिले, असे शिक्षक आज आपल्या शाळेतच छोटी टाकी ठेवू लागले आहेत. रविवारी आणि सुटीत तिच्याकडे कोण पाहणार, असा प्रश्न येतो आणि मग कंट्रोलरची जाहिरात नजरेस पडते.

हे यंत्र करते काय? पाण्यात एक सेन्सर सोडलेला असतो. तो उष्णता मोजतो आणि कंट्रोलर त्याप्रमाणे हीटर लावतो वा बंद करतो. समजा, आपण २६ अंश ठरवले. पाणी साडेपंचवीसवर आले की हीटर चालू, साडेसव्वीसवर गेले की बंद. हा एका अंशाचा सैलपणा मुद्दाम ठेवलेला असतो. नाहीतर हीटर क्षणाक्षणाला चालू-बंद होईल आणि आतल्या रिलेचे कॉन्टॅक्ट लवकर झिजतील. मोठे कंट्रोलर याखेरीज पाण्याचा आम्ल-विम्लपणा, खारेपणा आणि पातळीही पाहतात, दिवे लावतात, औषधासारखी क्षारांची मात्राही देतात.

मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. आमच्या महाविद्यालयाच्या वाचनालयात दोनशे लिटरची टाकी आहे आणि तिची हौस माझी. तिच्यावर एका सेन्सरचा साधा कंट्रोलर मी बसवला आणि निर्धास्त झालो. जानेवारीत संक्रांतीला जोडून तीन दिवस सुटी आली. तेवढ्यात काचेला सेन्सर धरून ठेवणारी रबरी चकती सुटली आणि सेन्सर पाण्याबाहेर लोंबकळू लागला. बाहेर हवा गार. सेन्सरने प्रामाणिकपणे सांगितले की, सोळा अंश आहे. कंट्रोलरने प्रामाणिकपणे हीटर चालू ठेवला. आमचे शिपाई, ज्यांना मुले मामा म्हणतात, त्यांनी कुलूप काढून पाण्यात हात घातला आणि मला फोन केला, “सर, पाणी आंघोळीला काढल्यागत झालंय.” मी पोचलो तेव्हा एंजल मासे सगळे गेले होते. टाकी पाहायला मुले आली, तेव्हा त्यांना काय सांगावे हे मला सुचेना. यंत्र बिघडलेले नव्हतेच. ते चुकीच्या साक्षीवर बरोबर वागले होते, आणि दुसरा साक्षीदार मी ठेवला नव्हता.

तेव्हापासून कंट्रोलरची तुलना करताना तो काय काय करतो, याची यादी मी नंतर वाचतो. आधी चार प्रश्न विचारतो. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न असा : तो जे मोजतो त्यावर किती विश्वास ठेवायचा? पडद्यावर २६.३७ असा आकडा दिसला की आपण भुलतो. पण अशा यंत्रांत नेहमी वापरला जाणारा डीएस१८बी२० हा सेन्सर अर्ध्या अंशाच्या फरकानेच खरा मानायचा असतो. मग त्या ३७ शतांशांना काय अर्थ राहिला? आम्ल-विम्लपणाचे, म्हणजे पीएचचे, तर अधिकच जपावे लागते. हे माप डेन्मार्कच्या सोरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ साली मांडले. त्यात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. पीएचचा काचेचा प्रोब कोरडा पडला की निकामी होतो, आणि चालू असला तरी हळूहळू चुकीचे दाखवू लागतो. त्याला ७ आणि ४, किंवा ७ आणि १० पीएचच्या द्रावणात बुडवून वरचेवर ताळ्यावर आणावे लागते. हे करायला वेळ नसेल, तर तो प्रोब न घेतलेलाच बरा.

दुसरा प्रश्न : चूक झाली तर रोखणारे कोणी आहे का? दुसरा सेन्सर जोडता येतो का? हीटर सलग इतके तास चालला की बंद करावा, अशी मुदत घालता येते का? टाकीत आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्रालाही हेच लागू. त्याच्या फ्लोटमध्ये एखादी गोगलगाय अडकली की पाणी वाहतच राहते. म्हणून वर एक जादा फ्लोट हवा आणि पंपाला वेळेची मर्यादा हवी.

तिसरा प्रश्न : वीज किंवा इंटरनेट गेले तर काय? काही स्वस्त वायफाय प्लगांचा मेंदू दूरच्या सर्व्हरवर असतो. संपर्क तुटला की ते आहे त्या स्थितीत राहतात. ज्या कंट्रोलरचे नियम त्याच्या स्वतःच्या पेटीत साठवलेले असतात तोच घ्यावा. आणि वीज परत आल्यावर तो ठरवलेले आकडे विसरत नाही ना, हे दुकानातच प्लग काढून पाहून घ्यावे.

चौथा प्रश्न : संकट आले तर तो हाक कशी मारतो? मोबाईलवर संदेश येतो, असे सांगतात. पण वीज गेली की राउटरही बंद पडतो. मग संदेश जाणार कसा? राउटर इन्व्हर्टरवर असला पाहिजे, किंवा यंत्राला निदान मोठ्याने वाजणारा भोंगा तरी हवा.

आता या चार प्रश्नांवर काही नामांकित यंत्रे लावून पाहू. कॅलिफोर्नियातील नेपच्यून सिस्टिम्सचा ‘एपेक्स’ घ्या. मुख्य पेटीशी संपर्क तुटला तर प्रत्येक प्लगाने चालू राहायचे की बंद, हे त्यात आधी ठरवून ठेवता येते. हवेचा पंप चालू राहो, हीटर बंद होवो, अशी ती व्यवस्था. जर्मनीतील जीएचएलचा ‘प्रोफिलक्स’ इंटरनेट नसले तरी शेजारच्या संगणकाला जोडून मांडता येतो. अमेरिकेतील ‘हायड्रॉस’ची रीत निराळी : अनेक छोटी यंत्रे एका तारेने जोडायची, आणि एक बंद पडले तर दुसऱ्याने कारभार हाती घ्यायचा. संयुक्त कुटुंबासारखेच म्हणा ना. ही तिन्ही मुख्यतः समुद्राच्या पाण्यातील प्रवाळ सांभाळण्यासाठी केलेली आहेत, आणि त्यांची किंमत साध्या कंट्रोलरच्या कित्येक पट आहे. शिवाय अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३०. परदेशातून कोणी आणून देत असेल, तर प्लगपट्टी कोणत्या दाबाची आहे हे आधी वाचा.

चौथा पर्याय ‘रीफ-पाय’. तो दुकानात तयार मिळणारा डबा नव्हे. पत्त्याएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर चालणारी ही खुली, विनामूल्य आज्ञावली आहे. विज्ञानाच्या शिक्षकांना मुलांकडून काही करवून घ्यायचे असेल, तर याइतका चांगला धडा नाही. मात्र २३० व्होल्टची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी.

मग साध्या शाळेने, गप्पी आणि मॉलीच्या टाकीसाठी, काय घ्यावे? माझे मत असे की, एक साधा उष्णतेचा कंट्रोलर पुरे. पण त्याला जोड द्या. एका मोठ्या हीटरऐवजी दोन छोटे घ्या. दोन्हींना स्वतःचा थर्मोस्टॅट असावा आणि तो कंट्रोलरपेक्षा एक अंश वर ठेवावा. कंट्रोलर २६, तर हीटर २७. कंट्रोलरचा रिले चिकटला किंवा सेन्सर पाण्याबाहेर आला, तरी हीटर आपला आपण थांबेल. सेन्सर रबरी चकतीवर न सोडता खाली पक्का बांधा. वायरला प्लगाच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेला थेंब झोळातून खाली पडेल, प्लगात शिरणार नाही. आणि लाइनवर गळती होताच वीज तोडणारा स्विच अवश्य बसवा, कारण त्या पाण्यात मुलांचे हात जातात.

उन्हाळ्याचेही लक्षात ठेवा. नुसता कंट्रोलर पाणी गार करू शकत नाही. त्याला पंखा जोडावा लागतो. वीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. शेततळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्या.

आमच्या टाकीत आज पुन्हा मासे आहेत. कंट्रोलरही तोच आहे. फक्त शेजारी काचेचा साधा तापमापक लावला आहे, आणि रोज सकाळी एक विद्यार्थी त्यावरचा आकडा व यंत्रावरचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहितो. सुटीत हे काम मामा करतात. दोन आकड्यांत एका अंशाहून अधिक फरक दिसला, तर मला फोन करायचा, एवढाच नियम. गेल्या पावसाळ्यात असा फोन एकदा आला. सेन्सर खराब होऊ लागला होता. मासे वाचले.

शेतात राखणदार ठेवला तरी मालक एक फेरी मारून येतोच. टाकीच्या राखणदारालाही तेवढी फेरी हवी. ती चुकवू नका.