संप बेकायदा कशाने ठरतो?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



संपाची हाक दिली की मालकांचा पहिला शब्द असतो, ‘हा संप बेकायदा आहे.’ वृत्तपत्रे तोच शब्द उचलतात आणि संपकऱ्याच्याही मनात अपराधाची भावना शिरते. म्हणून या शब्दाचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. नोटीस दिली होती काय, समेटाची बोलणी चालू होती काय, एवढेच पाहून संप बेकायदा ठरतो. मजुरीत पोट भरते काय, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही.

१९३८ साली मुंबई प्रांताच्या सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. समेटाची प्रक्रिया पुरी होण्याआधी संप करणे हा त्यात गुन्हा ठरला. संपाला शिक्षा देणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे होय, अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात मांडली. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप केला. तरीही कायदा झालाच. पुढे १९४६ च्या कायद्याने मान्यताप्राप्त प्रातिनिधिक संघटनेलाच कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला. परिणाम काय झाला? जानेवारी १९८२ मध्ये मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले, परंतु कायद्याच्या लेखी त्यांचा प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिला. लाखो माणसांचा निर्णय बेकायदा ठरला!

संघटना स्थापण्याचा हक्क मूलभूत आहे, संपाचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली सांगितले. संपकाळाची मजुरी हवी असेल तर संप कायदेशीरही हवा आणि समर्थनीयही हवा, असा निर्णय १९९४ साली झाला. म्हणजे ‘बेकायदा’ हा शिक्का थेट चुलीवर येऊन आदळतो.

आता औद्योगिक संबंध संहिता पाहा. २०२० साली ती संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. १९४७ च्या केंद्रीय कायद्यात संपाच्या नोटिशीचे बंधन सार्वजनिक उपयोगाच्या सेवांपुरते होते. महाराष्ट्रात मात्र १९७१ च्या कायद्याने इतरत्रही चौदा दिवसांची नोटीस आवश्यक केली होती. संहितेने ते बंधन देशातील सर्व औद्योगिक आस्थापनांना लावले. नोटीस दिली की समेट अधिकारी बोलणी सुरू करणार आणि ती चालू असताना, तसेच संपल्यावर सात दिवस, संपाला बंदी! निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकदम नैमित्तिक रजा घेतली तरी तो संपच. १९४७ च्या कायद्यात बेकायदा संपाचा दंड पन्नास रुपयांपर्यंत होता. आता तो एक हजार ते दहा हजार रुपये आहे. एक महिन्यापर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो.

तेव्हा आपण काय करावे? अज्ञानापोटी कायदा मोडून मालकाच्या हाती आयते हत्यार देऊ नये. नोटीस वेळेवर आणि लेखी द्यावी, पोच जपून ठेवावी, समेटाच्या बैठकीत मागण्यांचा हिशेब आकड्यांनिशी मांडावा. नोटिशीच्या चौदा दिवसांत खात्याखात्यांत सभा घेऊन प्रत्येक कामगाराला मागण्या समजावून द्याव्यात. आणि त्याच वेळी ही संहिता बदलून घेण्याचा लढा सर्व संघटनांनी एकत्र येऊन चालवावा. आजचे कायदे माणसांनीच केले आहेत. संघटित माणसे ते बदलूही शकतात.