औषध घेणाऱ्या आपल्या मुलांविषयीं
(महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं एका नाजूक विषयाकडे आपलें लक्ष वेधणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. जन्मतःच एच्. आय्. व्ही.ची बाधा झालेलीं कित्येक मुलें पूर्वीं बाळपणींच दगावत. 2004 सालापासून आपल्या देशांतील सरकारी रुग्णालयांत ए. आर्. टी. औषधें मोफत मिळूं लागलीं, आणि आज अशीं मुलें शाळा-कॉलेजांत जाण्याइतकीं मोठीं होत आहेत. परंतु ही गोळी रोज आणि जन्मभर घ्यावी लागते. ती वरचेवर चुकली तर विषाणु पुन्हां वाढतात व पुढें त्याच औषधाला दाद देईनासे होतात. ती चुकण्याचा धोका ऐन वाढत्या वयांत फार.

पूर्वीं अन्यत्र सेवेस असतांना एक मुलगा धर्मशिक्षणाच्या शनिवारच्या वर्गास दर महिन्याला एकदां गैरहजर राही. आम्हीं सर्वांदेखत त्याला कारण विचारलें. तो मान खालीं घालून उभा राहिला. तो औषध आणावयास ए. आर्. टी. केंद्रावर जात असे, हें त्याच्या आजीनें मागाहून सांगितलें. पुन्हां तसा प्रश्न येऊं नये म्हणून पुढें दोन महिने तो केंद्रावर गेलाच नाहीं! दोष आमचा होता.

तेव्हांपासून आम्हांस कळलें कीं, औषध सुटतें तें पुष्कळदां हट्टामुळें नव्हे, लपवालपवीच्या ओझ्यामुळें. म्हणून आईबापांस आमची विनंती कीं, गोळी कशासाठीं हें मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणें सांगावें. शाळकरी वयांत तें सांगावें, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनें 2011 सालीं दिला आहे. वसतिगृहाच्या चालकांनीं गोळी खाजगी जागीं ठेवण्याची व एकांतांत घेण्याची सोय करावी. इतरांनीं चौकशा करूं नयेत. एका ताटांत जेवल्यानें वा एकत्र खेळल्यानें हा रोग लागत नाहीं. बाधेमुळें मुलाला शाळेंतून काढणें 2018 सालीं अंमलांत आलेल्या कायद्यानें निषिद्ध आहे.

त्या मुलाच्या घरीं जाऊन आम्हीं त्याची क्षमा मागितली व वर्गाचा वार बदलला. पुढच्या महिन्यांत तो आजीबरोबर केंद्रावर गेला. आपल्यांतही असें एखादें मूल असेल. तें कोण, हें शोधूं नका. त्याला लपावें लागणार नाहीं, एवढें करा.